चिकात सापडलेला पहाडी

माझ्याबद्दल आमच्या नंदाखालमध्ये एक अफवा आहे, की मी वाढवून सांगतो. साफ खोटं. मी फक्त रिकाम्या जागा भरतो. आणि पहाडीच्या गोष्टीत तर रिकामी जागा नव्हतीच. ती दुपार इतकी गच्च भरलेली होती की उलट थोडं बाजूला काढून ठेवूनच सांगावं लागतंय.

आमच्या वाडीत घर, आणि घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि माझी थोरली बहीण. ताईने लग्न केलं नाही. "याला वाढवण्यातच माझी सगळी हौस फिटली," असं ती चारचौघांत सांगते. ताई सुकेळी करते. राजेळी केळी पिकली की हलक्या हाताने सोलायची, छातीएवढ्या उंच, बांबूच्या मांडवावर एकेक मांडायची, पाच-सहा दिवस उन्हात उलटीपालटी करत राहायचं, तिन्हीसांजेला गोळा करून फडक्यात झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. शेवटी केळं आक्रसून मधाच्या रंगाचं होतं, आणि असं गोड, की ते खाल्ल्यावर मुंग्यासुद्धा पाणी शोधत फिरतात.

पूर्वी आमच्या आळीत दर घरामागे असा मांडव असायचा. आता ताईचाच राहिला. त्यामुळे पंचक्रोशीतले सगळे चोर तिच्याकडेच येतात. कावळे, साळुंक्या, खारी, राघू. त्यांच्यासाठी आमची जुनी तोफ आहे. मांडवाच्या कोपऱ्यावर एक उभा बांबू, बांबूला तेलाचे दोन रिकामे डबे, आणि डब्यांना बांधलेली दोरी थेट ओटीपर्यंत. ओटीवर चहा पीत बसायचं आणि मनात येईल तेव्हा दोरीला झटका द्यायचा. असा खणखणाट होतो की तिकडे गिरीजला कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात.

मग तो आला.

राघू आमच्याकडे पैशाला पासरी. हा राघू नव्हे. हा डोंगरातला, तुंगारेश्वरच्या रानातला, म्हणून आम्ही त्याला पहाडी म्हणतो. राघूच्या दीडपट, रागावला की दुप्पट. चोच अशी लाल आणि अशी जाड, की देवाने आधी चोच घडवली आणि मग उरलेल्या वेळात तिला पोपट जोडला असं वाटावं. अंग केळीच्या नव्या सुरळीसारखं हिरवं, ऊन पडलं की आतून दिवा लावल्यासारखं. गळ्याला काळी रेघ, मानेमागे गुलाबी पट्टा, आणि दोन्ही खांद्यांवर कुणी कोकमाचा हात पुसावा तसे गडद लाल डाग. शेपटी तर एवढी लांब की तो निघून गेल्यावरही थोडा वेळ ती जातच असायची.

डोंगरावरून निघून, हायवे ओलांडून, तुळिंजच्या इमारतींच्या डोक्यावरून उडत हा समुद्राच्या बाजूला आला आणि बायकोसकट आमच्या वाडीत राहिला. वाडीच्या कोपऱ्यात एक बोडका माड आहे. भुंग्याने त्याचा शेंडा खाल्ला, उरला नुसता खांब. तोडू तोडू म्हणत मी तीन वर्षं काढली. त्याच्या वरच्या टोकाला ढोली होती, तिथे या दोघांनी संसार मांडला.

पहिल्याच आठवड्यात त्याने बायकोच्या वाळवणाच्या दोरीवरचे चिमटे शोधले. एक चिमटा चोचीने उघडायचा, निरखायचा, खाली सोडायचा आणि मान वाकडी करून आवाज ऐकायचा. मातीवर पडला तर त्याला मजा येत नसे. मग तो चिमटा चोचीत धरून नळाखालच्या स्टीलच्या बादलीवर जायचा आणि बरोबर मध्यावर टाकायचा. टण्! आणि त्यानंतर बादलीच्या काठावर एक गोल फेरी, मान खाली-वर करत, जणू टाळ्या घेतोय.

मग त्याने आमच्या दोरीचा अभ्यास केला. दोन दिवस, आंब्याच्या फांदीवर बसून. मी झटका द्यायचो, डबे वाजायचे, पक्षी उडायचे. हाही उडायचा, पण सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी. तिसऱ्या दिवशी मी आत जेवत असताना डबे वाजले. बाहेर येऊन पाहतो तर ओटीवर कुणी नाही. पहाडी दोरीच्या मध्यावर बसून स्वतःच तिला हिसके देत होता. कावळे पळाले, साळुंक्या पळाल्या, राघूंचा थवा बोंबलत गेला. मांडव मोकळा झाला. मग साहेब खाली उतरले आणि एकटे जेवायला बसले.

ताई हसून हसून पायरीवर बसली. "अरे, तुझ्यापेक्षा बरा राखणदार मिळाला की! हा निदान हाकलतो आणि मग खातो. तू नुसता खातोस."

ती रोज एक केळं त्याच्यासाठी मांडवाच्या टोकाला वेगळं ठेवू लागली. ते तो पायाने ढकलून खाली टाकायचा. फुकटचं त्याला नको होतं. चोरलेलंच हवं होतं. आणि चोरून तरी काय, एका केळ्याचा एक घास, दुसऱ्याचा एक घास, अशी रांगेने चव घेत जायचा.

माझं आणि त्याचं मात्र जमलं होतं. मी ओटीवरून दोरीला दोन बारीक झटके दिले की तो जिथे असेल तिथून यायचा, बांबूवर बसायचा आणि दोरी धरायचा. मी ओढायचो, तो ओढायचा. सोडली की रागवायचा. हा खेळ मी सगळ्या आळीला बोलावून दाखवला, आणि तिथेच घात झाला. एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पाहुणे आले होते, शेजारच्या वाडीतले मास्तर आले होते. हे मास्तर म्हणजे मला चौथीत शिकवलेले, आता ऐंशीच्या घरात, गळ्यात कायम दुर्बीण. मी ऐटीत दोन झटके दिले. पहाडी आला, त्याने दोरी धरली, मी ओढली, त्याने धरून ठेवली, मी जोरात ओढली आणि त्याने नेमकी त्याच क्षणी सोडली. मी खुर्चीसकट मागे. चहा अंगावर. पहाडी बांबूवर उलटा लटकून ओरडत होता, आणि मास्तर म्हणाले, "चौथीत तुला असंच एक गणित सुटलं नव्हतं बघ."

ते वाक्य आठवडाभर आळीत फिरलं. दूधवाल्यानेसुद्धा मला गणिताबद्दल विचारलं.

सूड हा शब्द मी उच्चारला नाही. मी मनात म्हणालो, धडा.

लहानपणी आम्ही पोरं चिकाने पाखरं धरायचो. फणसाचा चीक, त्यात थोडं खोबरेल, मंद आचेवर ढवळत राहायचं, बोटांत ताणला की केसासारखी तार निघेपर्यंत. काडीला फासायचा, काडी झुडपात खोवायची. पाखरू बसलं की पाय चिकटले. मग आम्ही तेल लावून सोडून द्यायचो. सोडून द्यायचो, असं मी आयुष्यभर सांगत आलोय. त्या पाखरांचं पुढे काय व्हायचं हे मी कधी आठवायलाच गेलो नव्हतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता. ताई आणि बायको सकाळीच आगाशीच्या बाजारात गेल्या. मी चूल पेटवली. लहानपणी चीक वाटीभर करायचो; आता मोठा माणूस झालो होतो, म्हणून टोपभर केला. डब्यांच्या बांबूला वरपासून हातभर फासला. बेत साधा होता. त्याचे पाय चिकटतील, तो घाबरेल, मी तेल लावून सोडवीन, आणि वाडीचा मालक कोण हे ठरून जाईल.

बाराच्या सुमाराला तो आंब्यावर आला. खाली मात्र येईना. बांबूकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने. बांबू रोजच्यापेक्षा चकाकत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. तो तसाच बसून राहिला. हुशार होता, कळत होतं त्याला काहीतरी.

तेव्हा मी दोरीला दोन बारीक झटके दिले.

तो लगेच आला.

पुढचं फार वेगाने झालं. पाय चिकटले. त्याने एक पाय उचलायला चोच टेकवली, चोच तारा ओढत वर आली. तो दचकून पंख फडफडवू लागला आणि डावा पंख बांबूला लागला. उन्हाने चीक पातळ झालेला. तो खाली ओघळत आला आणि मग उजव्या पंखाला, पोटाला, शेपटीला. पाय सुटले तसा तो पंखावर उलटा लोंबकळला आणि डबे वाजायला लागले. मी तो खणखणाट हजारदा ऐकला असेन. त्या दिवशी थांबवावासा वाटला आणि थांबवता येईना.

बोडक्या माडाच्या ढोलीतून मादीचं डोकं बाहेर आलं. ती एकदाच ओरडली. तो किंचाळत होता, ती गप्प झाली होती.

मी स्टुलावर चढून टॉवेल टाकला. त्याने टॉवेलमधूनच माझा अंगठा धरला आणि सुपारी फोडावी तसं नख फोडलं. मी सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर तो पुन्हा बांबूलाच चिकटला असता. तसाच एक हात वर, एक हात रक्ताने भरलेला, मी स्टुलावर उभा, आणि फाटकातून ताई आणि बायको पिशव्या घेऊन आत आल्या.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"अडकलाय."

"कशात?"

तिने बांबूला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि चुलीकडे पाहिलं. टोप तिथेच होता.

"फणसाचा?"

"हो."

"आणि तो आपण होऊन आला यावर?"

माझ्या आयुष्यात मी हजार प्रश्नांना दहा हजार उत्तरं दिली आहेत. या एका वेळी मी फक्त टॉवेल नीट धरला. तिने दोरीकडे पाहिलं, ओटीकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"हाक मारून बोलावलास," ती म्हणाली. बस, एवढंच. मग पिशवी खाली ठेवून तिने पदर खोचला.

आवाजाने मास्तर कुंपणापाशी आले होते. मला वाटलं ओरडतील. पोपट धरणं गुन्हा आहे, हे तेच गावभर सांगत फिरतात. पण त्यांनी दुर्बीण माडाकडे लावली आणि हळू आवाजात म्हणाले, "पिल्लं फुटलीत. काल आवाज ऐकला मी. अजून उघडी-नागडी असतील, म्हणून ती ढोली सोडत नाही. तिला आणि पिल्लांना पोटातून काढून भरवतो तो हाच. हा आज उडाला नाही, तर त्यांचं कठीण आहे."

त्यांच्या ओळखीचा एक जण जखमी पक्षी सोडवायचं काम करतो. मास्तरांनी फोन लावला. तो माणूस डहाणूच्या पुढे कुठेतरी होता. यायला रात्र होईल म्हणाला. मग फोनवरच सांगत गेला आणि मास्तर मोठ्याने आमच्यासाठी म्हणत गेले, चौथीच्या वर्गात शुद्धलेखन सांगावं तसे. "आधी कोरडं पीठ. सगळीकडे. म्हणजे पिसाला पीस चिकटणार नाही. मग तेल, अगदी थोडं, बोटाने. मग कोमट पाणी, साबण अगदी सौम्य. नाकपुड्या मोकळ्या ठेवा. आणि दर थोड्या वेळाने थांबा. भीतीनेच मरतात हे."

बाकीची वाक्यं त्यांनी दोन-दोनदा म्हटली, शेवटचं एकदाच.

बायकोने तांदळाचं पीठ आणलं, खोबरेल आणलं, रिठे पाण्यात टाकले. मी टॉवेलात त्याचं डोकं आणि पाय धरून ओटीवर बसलो. हातात घेतल्यावर कळलं की एवढा सगळा दिमाख जेमतेम पाव किलोचा होता. आणि त्या पाव किलोत काळीज असं पळत होतं की माझा तळहात थरथरत होता. डोळा पिवळसर, आतली काळी बाहुली लहान व्हायची, मोठी व्हायची, लहान व्हायची. तो डोळा माझ्यावरच होता.

पंखाची टोकाची पिसं एकमेकांत घट्ट बसली होती, काळ्या हिरव्या पळीसारखी. बायकोने कात्री पुढे केली. "ताई, एवढी टोकं कापू या का? लवकर मोकळा होईल."

"कापलीस तर आज उडेल कशावर?" ताई म्हणाली. "नवीन पीस यायला पावसाळा उजाडेल."

मास्तरांनी मान हलवली. कात्री परत गेली.

मग ताईने सुरुवात केली. मी तिला चाळीस वर्षं केळी सोलताना पाहत आलोय. पिकलेलं राजेळी केळं असं नाजूक असतं की नुसतं रागाने पाहिलं तरी डाग पडतो. ते ती सालीतून काढते आणि केळ्याला कळतही नाही. त्याच बोटांनी ती पिसाच्या मुळापासून टोकाकडे जात होती. पिठात बोट, तेलात बोट, एक तार सुटायची. पुन्हा. एका पिसाला किती वेळ लागला ते सांगत नाही. तुम्ही म्हणाल वाढवतोय.

तिकडे मांडवावर त्या दिवशी राखण नव्हती. कावळ्यांना ते कळायला वेळ लागला नाही. पाच दिवसांची केळी होती, दुसऱ्या दिवशी उतरवायची. कावळे त्यात चोची घालत होते आणि ताईने एकदाही मान वळवली नाही. मात्र थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "दोन माडाकडे गेलेत." आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. दोन कावळे ढोलीजवळच्या नारळाच्या झावळीवर बसले होते, मान लांब करून आत डोकावत. मादीने चोच बाहेर काढली. एक कावळा मागे सरला, एक नाही. नर जवळ नाही हे त्यांना दिसत होतं. बायको हातात काठी घेऊन माडाखाली जाऊन उभी राहिली आणि खालून ओरडत राहिली. आमची ही एरवी मंद आवाजात बोलणारी बाई; तिचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला म्हणायला हरकत नाही.

डावा पंख झाला. उजवा निम्मा झाला. आणि माझ्या हातातलं काळीज अचानक जाणवेना.

"ताई."

तिने हात थांबवले. त्याची मान टॉवेलवर कलली होती, डोळ्यावर पांढरट पापणी आली होती.

"सोड त्याला," मास्तर म्हणाले. "अंधारात ठेव. कुणी बोलू नका."

केळी आणायची एक बांबूची टोपली होती. तिच्याखाली त्याला ठेवलं, वर फडकं टाकलं आणि आम्ही ओटीवर बसून राहिलो. मी, ताई, मास्तर. माडाखालून बायकोचा आवाज येत होता. टोपलीतून काहीच येत नव्हतं. ताईचे हात पिठाने आणि तेलाने माखले होते, ते तिने मांडीवर उताणे ठेवले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "गप्प," ती म्हणाली. पाव तास असेल. मला विचाराल तर चाळीस दिवस आणि चाळीस रात्री.

मग टोपलीत कट् असं काहीतरी झालं. मग पुन्हा. मग फडक्याखालून टोपलीची एक काडी बाहेर सरकली आणि खाली पडली. थोडा वेळ शांतता. जणू आवाज ऐकत होता. मग दुसरी काडी.

"उसवतोय टोपली," मास्तर कुजबुजले.

ताईने डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले. "धर," ती मला म्हणाली. "उजवा पंख राहिलाय."

रिठ्याच्या कोमट पाण्याने धुतला तेव्हा तो बघवत नव्हता. गुलाबी पट्टा गेला, दिवा विझला, राहिला एक भिजलेला, चिडलेला काटक्यांचा जुडगा. पाच वाजत आले होते. साडेपाच-पावणेसहाला ऊन चिंचेमागे जातं. ताईने मांडवावरची कावळ्यांनी उष्टी केलेली केळी एका हाताने बाजूला लोटली आणि त्याला तिथे, उरलेल्या उन्हात ठेवलं. टॉवेल हलकेच धरून. एक बाजू सुकली की दुसरी.

तो सुकत गेला तसा रंग परत आला. आधी खांद्यावरचे लाल डाग, मग हिरवा. त्याने एक पीस चोचीतून ओढून नीट केलं. मग दुसरं. ऊन मांडवाच्या कडेला आलं तेव्हा ताईने टॉवेल उचलला.

तो उडाला आणि पडला. सरळ केळीच्या बुंध्यात. मी धावलो, तर ताईने माझा दंड धरला. "तू नाही."

केळीच्या गचपणातून तो चालत बाहेर आला, वाकड्या पायांनी, शेपटी मातीतून ओढत. आंब्याच्या बुंध्याशी पोचला. चोच रुतवली, पाय वर घेतला, पुन्हा चोच. असा तो तीस फुटी आंबा पायऱ्या चढावा तसा चढला. मध्ये दोनदा थांबला. शेंड्याला पोचून त्याने अंग असं झाडलं की पिठाचा धूर निघाला. मग पंख उघडले. बंद केले. उघडले. सूर्य आता त्याच्या मागे होता आणि प्रत्येक पीस वेगळं दिसत होतं.

तो निघाला. मध्ये एक क्षण खाली बुडाला, उजवीकडे कलला, आणि माडाच्या टोकाला आदळल्यासारखा जाऊन लागला. कावळे उडाले.

मादीने डोकं बाहेर काढलं आणि त्याला चोच मारली. त्याला रिठ्याचा, खोबरेलाचा वास असेल, का त्याचं रूपच ओळखू येईना, देव जाणे. तो जवळ सरकला, तिने पुन्हा मारली. तो ढोलीच्या कडेला घसरला. मग तो एक बारीक, घोगरा आवाज काढू लागला, जो मी कधी ऐकला नव्हता. आमच्याशी खेळताना तो किंचाळायचा, शिट्ट्या मारायचा. हा आवाज फक्त ढोलीसाठी होता. ती थांबली. मान पुढे केली. त्याने डोकं दोन-तीनदा खाली-वर केलं आणि तिच्या चोचीत चोच घातली.

मास्तरांनी दुर्बीण ताईकडे दिली. तिने ती डोळ्याला लावली नाही. "ऐकू येतंय," ती म्हणाली. आणि खरंच येत होतं, ढोलीतून, भाकरी तव्यावर चरचरावी तसं काहीतरी.

त्या रात्री ताईने माझ्या अंगठ्याला हळद लावली. पाच दिवसांची केळी तिने शेजारच्या म्हशीला घातली.

दुसऱ्या दिवशी पहाडी आला नाही. आठवडाभर आला नाही, म्हणजे माडावर होता, जात-येत होता, पण आंब्यावर बसला नाही. बांबू मी घासून धुतला, मग उपटून नवा लावला. दोरीला मी हात लावायचं सोडून दिलं. मग एके दिवशी मी चर्चमधून परत येतो तर मांडवावर तो. ताई त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी राहून केळी उलटत होती, आणि तो तिच्या मागे मागे, तिने उलटलेलं प्रत्येक केळं पुन्हा पालथं घालत होता. ती लटक्या रागाने काहीतरी म्हणत होती. मी फाटक लावलं, त्याने मान वर केली, आणि तो गेला. घाईने नाही. नुसता उठून गेला.

तेव्हापासून असंच आहे. पिल्लं उडाली, पुढच्या वर्षी ती जोडी पुन्हा आली. ताई एकटी असली की तो येतो, बायको असली तरी येतो, मास्तरांच्या तर दुर्बिणीचा पट्टा कुरतडतो. मी ओटीवर दिसलो की आंबा रिकामा. एकदा तर मी बायकोचा गाऊन घातला, डोक्याला तिचा स्कार्फ बांधला आणि तिच्यासारखी पावलं टाकत मांडवापाशी गेलो. आळीने ते पाहिलं, त्याचं मला काही नाही. तो मांडवाच्या टोकाला बसला होता. मी जवळ जाईपर्यंत बसून राहिला. मला वाटलं, जमलं. मी केळं उलटलं. त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. नख अजून नीट आलेलं नाही. मग माझ्या तोंडाकडे एका डोळ्याने पाहिलं, दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि डोंगराच्या दिशेने उडून गेला.

"अहो, गाऊन काढा आता," बायको दारातून म्हणाली. "तो येईल तेव्हा येईल."

मी काढला. पण अजून रोज दुपारी ओटीवरून आत जाऊन बसतो, खिडकीच्या फटीतून बघत, म्हणजे त्याला खाली उतरता यावं.